जर्मनीत जुनी एम२ घेतली त्याची गोष्ट : चार महिने, तीन रेल्वेफेऱ्या आणि बॅगेतल्या नंबर प्लेट

म्युनिकच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी तिघाचौघांनी गेल्या वर्षभरात मला विचारलं की तू ती निळी गाडी, बीएमडब्ल्यूची छोटी स्पोर्ट्स कार एम२, नक्की कशी घेतलीस, कागदपत्रांचं काय, खर्च किती, आणि मुळात हीच का. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मला सुरुवातीला काहीच कळत नव्हतं, प्रत्येक पायरीला पुढची पायरी काय हे शोधत बसायचो, तेवढा तरी तुमचा वेळ वाचावा.

जानेवारी २०२४ मध्ये ठरवलं. आठ वर्षं नोकरी झाली, घरच्या वापराची स्टेशन वॅगन आहेच, लेक सहा वर्षांची, आणि बायको एका रविवारी म्हणाली की तू गेली पाच वर्षं नुसत्या जाहिराती चाळतोयस, एकदा घे नाहीतर सोडून दे. तर घ्यायची ठरली. बजेट ४० हजार युरो, त्यात टायर, विमा, पहिली सर्व्हिस सगळं धरून. लोन नको हे दोघांचंही मत.

छोटी, ताकदवान कूपे (दोन दारांची गाडी) हे वेड मला कुठून लागलं हे सांगायचं तर म्युनिकच्या बीएमडब्ल्यू म्युझियममध्ये जावं लागेल. तिथे जुन्या ०२ सिरीजच्या गाड्या बघितल्या आणि पाय हलेना. १९७३ ची २००२ टर्बो, १७० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), फक्त १,६७२ बनल्या. लहानसं अंग, मोठं इंजिन, मागच्या चाकांना ताकद. तोच धागा पुढे २०११ च्या वन सिरीज एम कूपेत आला. ३४० पीएस, सहा गिअरचा मॅन्युअल आणि दुसरा पर्यायच नाही. ती गाडी ६,३०९ बनली आणि आज तिचे भाव माझ्या आवाक्याबाहेर आहेत. त्याच वंशातली पुढची म्हणजे २०१५ अखेरीस आलेली पहिली एम२. इथे नवी असताना ५६,७०० युरोपासून सुरू होत होती.

पण लगेच एम२ वर उडी मारली नाही. मी आधी वहीत लिहिलं की मला काय पाहिजे. पहिली यादी अगदी कागदी होती : ४०० च्या वर पीएस, शून्य ते शंभर साडेचार सेकंदाच्या आत, चार माणसं कशीबशी का होईना बसली पाहिजेत, डिकीत दोन बॅगा. ही यादी पुढच्या दोन महिन्यांत पार बदलली आणि ती कशी बदलली तेच मला जास्त सांगायचंय, कारण कागदपत्रं काय कुणीही सांगेल.

फेब्रुवारीत टेस्ट ड्राइव्ह सुरू केल्या. एक टिप : शनिवारी जाऊ नका, मंगळवार-बुधवारी दुपारी सुट्टी काढून जा, शोरूमवाले निवांत असतात आणि वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास गाडी देतात. पासपोर्ट आणि जर्मन लायसन्स बरोबर ठेवा. (आपलं भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतं, पुढे थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, नवीन आलेल्यांनी ते आधी उरका.)

पहिली पोर्शे ७१८ केमन, दोन लिटरची, ३०० पीएस. काय स्टिअरिंग आहे महाराजा! इंजिन मध्ये असल्यामुळे गाडी कमरेतून वळल्यासारखी वळते. पण आसनं दोनच आणि चार सिलेंडरचा आवाज माझ्या कानाला भावला नाही. दुसरी अल्पीन ए११०, ती एका दिवसासाठी भाड्याने घेतली. फ्रान्समध्ये दिएपला बनते, वजन फक्त ११०० किलोच्या आसपास. इतकी हलकी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. साध्या गावच्या रस्त्यावर साठच्या स्पीडला पण हसू येत होतं. पण तिला मॅन्युअल गिअर नाहीच आणि लेकीला कुठे बसवणार? तिसरी टोयोटा जीआर८६, २३४ पीएस, मॅन्युअल, मागचं चाक, किंमत सगळ्यात परवडणारी. तिच्यावर माझा जीव जडला होता खरं तर, पण मागच्या सीटवर लेकीची चाइल्ड सीट लावली की पुढे बायकोचे गुडघे डॅशबोर्डला. आणि युरोपात तिचा कोटा मोजका होता, त्यामुळे वापरलेल्यांचे भावही चढे.

मग चौथी, एम२ कॉम्पिटिशन, ४१० पीएस, डबल क्लच गिअरबॉक्स. कागदावर माझी यादी पूर्ण करणारी हीच. ऑटोबानवर पाय दाबला आणि पोटात गोळा आला, एवढी ती ओढते. परत आलो, आभार मानले, आणि घरी येताना लोकल ट्रेनमध्ये विचार करत बसलो की मला आनंद झाला का नुसतं आश्चर्य वाटलं. गिअर गाडीच टाकत होती, मी फक्त बसलो होतो. जी मजा आली ती १६० च्या पुढे आली आणि मी रोज कुठे १६० ने जाणार? उलट ती जीआर८६ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पन्नास-साठला जे बोलत होती ते मला आठवत होतं.

त्या रात्री वहीतली यादी खोडली आणि नवीन लिहिली. मॅन्युअल पाहिजे. मागच्या चाकांना ताकद आणि खरा लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा) पाहिजे. इंजिन सरळ सहा सिलेंडरचं असेल तर सोन्याहून पिवळं. अंग छोटं, म्हणजे गावच्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तरी श्वास रोखायला लागू नये. बाहेरचं नीट दिसलं पाहिजे. आणि साध्या स्पीडला गाडी हाताला, पायाला, बुडाला काहीतरी सांगत राहिली पाहिजे. पीएसचा आकडा शेवटी गेला.

ह्या यादीत पहिली एम२ बसत होती, एन५५ इंजिनवाली, ३७० पीएस, मॅन्युअल. लांबी ४.४७ मीटर. ही कॉम्पिटिशनपेक्षा ४० पीएसने कमी, पण वजनानेही साधारण ५५ किलो कमी. नवीन पिढीची, जी८७ कोडची एम२ पण बघितली, तेव्हा ४६० पीएस, मॅन्युअल मिळते, फार सक्षम गाडी आहे, पण ४.५८ मीटर लांब आणि वजन १७०० किलोच्या घरात, आणि २०२२ मध्ये येतानाच ७२,८०० युरोची. ती माझ्या खिशाची नव्हे आणि माझ्या रस्त्यांचीही नव्हे. नव्या एमिशन नियमांमुळे २०१८ मध्ये एन५५ वाली बंद झाली, म्हणजे माझ्याकडे २०१६ ते २०१८ अशा तीनच वर्षांच्या गाड्या होत्या, त्यात २०१७ च्या उन्हाळ्यानंतरच्या गाड्यांना नवे एलईडी दिवे, मी त्याच शोधत होतो. मॅन्युअल त्यात अजून थोड्या. रोज सकाळी कॉफीबरोबर शोध.

मार्चमध्ये पहिली गाडी बघितली, आमच्यापासून तासाभरावर, खाजगी मालक. फोटोत चकाचक. जायच्या आधी कोल्हापूरला काकांना फोन केला. काकांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, चाळीस वर्षं इंजिनांत हात घातलेला माणूस, त्यांना एम२ काय माहिती असणार, पण त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. "गाडी गार असताना इंजिन सुरू करून बघ. मालकानं आधीच गरम करून ठेवली असंल तर कायतरी लपवालाय समज. आणि टायर बघ, टायर खोटं बोलत न्हाई." मी पोचलो, बॉनेटवर हात ठेवला, गरम. मालक म्हणाला आत्ताच धुवून आणली. बरं. मग मी ४५ युरोला घेतलेलं पेंटची जाडी मोजायचं मीटर काढलं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. छतावर ११८, दारावर १२५, आणि मागच्या उजव्या फेंडरवर ४९०. परत मोजलं, ५१०. विचारलं तर म्हणे थोडं पार्किंगमध्ये घासलं होतं. त्यात सस्पेन्शन बदललेलं, एक्झॉस्ट बदललेला, आणि त्याचे कागद "घरी कुठेतरी आहेत". इथे असे पार्ट बसवले तर त्यांना मान्यतेचे कागद लागतात किंवा तपासणी करून गाडीच्या कागदात नोंदवावे लागतात, नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच धोक्यात येतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मी चहा न पिता निघालो. ते मीटर घ्याच, ४५ युरोंनी माझे किती हजार वाचवले कुणास ठाऊक.

दुसऱ्या गाडीसाठी तिकीट काढलं होतं, आदल्या रात्री मालकाचा मेसेज की विकली. ३८ युरो पाण्यात. वाईट वाटलं, दोन दिवस जाहिराती बघितल्याच नाहीत. बायकोने सांगितलं की घाई नाहीये, गाडी तुझ्या मागे लागलेली नाही. ते बरोबर होतं.

तिसरी जाहिरात २९ मार्चला दिसली, गुड फ्रायडेला. कासेलजवळच्या एका गावातली, म्हणजे माझ्यापासून पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर. नोव्हेंबर २०१७ ची, लाँग बीच ब्लू, मॅन्युअल, ५१ हजार किलोमीटर, एकच मालक, ३८,९०० युरो. फोन केला तर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, सावकाश बोलणारे, माझं जर्मन अडखळलं की थांबून वाट बघणारे. मी तीन प्रश्न विचारले : दोन हजार किलोमीटरची पहिली सर्व्हिस कुठे झाली आणि बिल आहे का, ट्यूनिंग केलंय का, रेसट्रॅकवर नेली का. पहिला प्रश्न बीएमडब्ल्यूच्या एम नावाच्या स्पोर्टी गाड्यांसाठी महत्त्वाचा आहे, कारण रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सांभाळून चालवायचा काळ, संपल्यावर इंजिनाचं आणि डिफरन्शिअलचं तेल बदलतात, ज्याने ते वेळेवर केलं त्याने पुढचंही नीट केलं असणार असं मी धरतो. त्यांनी बिलाचा फोटो दहा मिनिटांत पाठवला. २,०४० किलोमीटर.

६ एप्रिल, शनिवार. पहाटेची गाडी पकडून कासेलला, तिथून बसने पुढे. फोनवरच विनंती केली होती की गाडी गार ठेवा. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. ते म्हणाले, "काल रात्रीपासून हात लावलेला नाही, तुम्ही सांगितलं होतं ना." किल्ली माझ्या हातात दिली. बटण दाबलं, क्षणभर मोठ्याने घुमली, मग हळूहळू शांत झाली, अर्ध्या मिनिटाने एकसारखी. धूर नाही, खडखड नाही.

आता टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागचे ३११९, म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा, नक्षी भरपूर. पुढचे ३६१७, गाडीबरोबर आलेले, साडेसहा वर्षं जुने, रबर नखाने दाबलं तर कडक. मागचेही पाच वर्षांचे होत आलेले, म्हणजे चारही बदलणं आलं. हे मी वहीत लिहिलं आणि ते वाकून बघत होते, म्हणाले, "खरंय, ते बदलायला हवेत, मी किंमतीत बघतो." पेंट मीटर सगळीकडे ११० ते १३५. स्टिअरिंगचं चामडं डाव्या हाताच्या जागी गुळगुळीत झालेलं, गिअरच्या नॉबवर एम ची खूण थोडी पुसट. पन्नास हजार किलोमीटरला शोभेल इतकीच.

मग ते शेजारी बसले आणि मी निघालो. पहिले पंधरा मिनिटं त्यांनी मला अडीच हजार आरपीएमच्या वर जाऊच दिलं नाही. ऑइलच्या तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणायचे, अजून नाही, अजून नाही. मला तिथेच कळलं की गाडी कशी वापरली असेल. काटा वर आल्यावर म्हणाले, आता. गावाबाहेर एक चढ होता, दोन्ही बाजूंना बीचची झाडं, पानं नुकती फुटत होती. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकला. क्लच थोडा जड, गिअर टाकताना शेवटी किंचित रबरासारखा आणि मग घरात बसल्यासारखा खटकन बसतो. वळण संपता संपता पाय दिला तर गाडीची मागची बाजू जरा खाली बसली आणि पाठीवर हात ठेवून कुणी पुढे ढकलावं तशी निघाली. स्पीड बघितला तर ७५. मला ७५ ला जे मिळालं ते त्या चारशेवाल्या गाडीत १६० ला मिळालं नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

भाव ३७,६०० ला ठरला, टायरमुळे १,३०० कमी. १,००० युरो आगाऊ दिले आणि पावती घेतली, त्यावर लिहून घेतलं की तज्ज्ञाच्या तपासणीत मोठा दोष निघाला तर पैसे परत. हे जरूर लिहून घ्या. खाजगी माणसाकडून घेतलं की करारात "जशी आहे तशी घेतली" असंच असतं, नंतर तक्रारीला जागा नसते. डीलरकडून घेतलं तर वापरलेल्या गाडीवर निदान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहते, म्हणून तिथे भाव जास्त. मी खाजगी घेतली म्हणून तपासणीला पैसे घातले. १२ एप्रिलला त्यांच्याच गावाजवळच्या एका तपासणी केंद्रात गाडी लिफ्टवर चढवली, १४९ युरो, अकरा पानांचा रिपोर्ट फोटोंसकट मला ईमेलवर आला. पुढच्या ब्रेक डिस्क साठ टक्के झिजलेल्या, ब्रेकचं तेल बदलायची वेळ झालेली, बाकी ठीक. मी घरी बसून तो रिपोर्ट तीनदा वाचला.

त्याच आठवड्यात दोन कामं समांतर केली आणि हीच सगळ्यात उपयोगी टिप आहे. एक, बँकेची दिवसाची ट्रान्सफर मर्यादा. माझी १० हजारांची होती. ॲपमध्ये वाढवली तर म्हणे पोस्टाने कोड येणार. पाच कामकाजाचे दिवस लागले. आधी लक्षात आलं नसतं तर त्या गृहस्थांच्या बैठकीत मान खाली घालून बसायची वेळ आली असती. दोन, गाडी नोंदणी ऑफिसची, म्हणजे इथल्या आरटीओची, अपॉइंटमेंट. ८ एप्रिलला बघितलं तर पहिला स्लॉट ७ मे. गाडी हातात नसताना पण बुक करून टाका, नको झाली तर रद्द करता येते. त्याच दिवशी आवडीचा नंबर ऑनलाइन राखून ठेवला, आवडीचा नंबर आणि राखणं मिळून १२.८० युरो.

२० एप्रिलला परत कासेल. मोटार क्लबच्या वेबसाइटवरचा करारनामा छापून नेला होता, दोन प्रती, त्यात किल्ल्या किती, सर्व्हिसची बिलं किती, जादा चाकं किती हे सगळं भरलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून इन्स्टंट ट्रान्सफर केली, ३६,६०० युरो, नऊ सेकंदांत त्यांच्या खात्यात. त्यांनी गाडीच्या कागदाचे दोन्ही भाग दिले. पहिला भाग गाडीत बाळगायचा, दुसरा म्हणजे मालकीचा, तो घरी सुरक्षित ठेवायचा, गाडीत कधीही ठेवू नका. ताज्या तपासणीचा, म्हणजे ट्यूफचा रिपोर्ट दिला. आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच्या हाताने दोन्ही नंबर प्लेट काढल्या, फडक्याने पुसल्या आणि मला दिल्या, कारण नोंदणी बदलताना जुन्या प्लेट ऑफिसला दाखवाव्या लागतात. गाडी तीन आठवडे त्यांच्याच गॅरेजमध्ये राहणार होती. सगळे पैसे दिलेत आणि गाडी पाचशे किलोमीटरवर, पण कागद आणि एक किल्ली माझ्याकडे. ट्रेनमध्ये बॅगेतल्या त्या प्लेटांवर सारखा हात ठेवत होतो.

७ मे, सकाळी ८.४०. माझ्याबरोबर पासपोर्ट, राहत्या पत्त्याचा दाखला (आपल्या पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, त्यामुळे हा विसरू नका), दोन्ही भाग, ट्यूफचा रिपोर्ट, जुन्या प्लेट, टॅक्स कापायला बँकेचा आयबीएएन, आणि ईव्हीबी, म्हणजे विमा असल्याचा विमा कंपनीने दिलेला नंबर, सात अक्षरी. मी सीझन प्लेट घेतली, मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा, पण बाकीचे चार महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, स्वतःची किंवा भाड्याची जागा लागतेच. मला इमारतीखाली एक जागा महिना ६५ युरोंनी मिळाली होती. सीझन निदान सहा महिन्यांचा घ्या म्हणजे विम्यातली विनाअपघात वर्षांची पायरी पुढे सरकते.

खिडकीतल्या बाईंनी ईव्हीबी टाकला आणि मान हलवली. विम्यात पूर्ण वर्ष नोंदवलेलं, सीझन नाही. पोटात धस्स झालं, कारण पुढची अपॉइंटमेंट जूनमध्ये. त्या म्हणाल्या, "बाहेर जाऊन फोन करा, मी तुमचा नंबर पंधरा मिनिटं धरून ठेवते." बाहेर पायऱ्यांवर उभं राहून विमा कंपनीला फोन, सात मिनिटं संगीत ऐकलं, मग एका मुलीने नवीन नंबर दिला. धावत आत. चालला! त्या बाईंचे मी तीनदा आभार मानले. समोरच्या दुकानात प्लेट पाच मिनिटांत छापून मिळाल्या, जोडी २६ युरो, परत आत नेऊन त्यावर शिक्के चिकटवले. नंबर बदलला की काचेवरचा हिरवा पर्यावरणाचा स्टिकरही नवीन लागतो, कारण त्यावर गाडीचा नंबर लिहितात, तो तिथेच घेतला. सगळं मिळून, प्लेट धरून, ८१ युरो.

टॅक्सचं पत्र कस्टम खात्याकडून नंतर आलं. हिशोब सोपा आहे : माझ्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांना दर १०० सीसीला २ युरो, म्हणजे २,९७९ सीसीचे ६०, आणि कार्बन डायऑक्साइड ९५ ग्रॅमच्या वर दर ग्रॅमला २ युरो. माझ्या कागदावर १९९ आहे, म्हणजे २०८. वर्षाचे २६८, सीझनचे साधारण १८०. विमा दुसरी गाडी म्हणून, पूर्ण कव्हर, सीझनचे ८९०. घ्यायच्या आधी दोन-तीन ठिकाणी भाव काढा, मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात ६०० युरोंचा फरक दिसला.

११ मे, शनिवार. तिसऱ्यांदा कासेल, या वेळी बॅगेत नव्या प्लेट. त्या गृहस्थांनी दोन्ही मला एकट्याला लावू दिल्या नाहीत, म्हणाले पहिली तुम्ही लावा, दुसरी मी लावतो. त्यांच्या गुडघ्यांना आता खालची सीट झेपत नाही म्हणून विकली, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. गाडी फाटकातून बाहेर काढली तेव्हा ते रस्त्यावर येऊन उभे राहिले, आरशात वळणापर्यंत दिसत होते.

सरळ ऑटोबानने पाच तासांत घरी आलो असतो. फुल्डाला खाली उतरलो आणि ऱ्होनच्या डोंगरात शिरलो, वासरकुप्पेवरून पुढे होखऱ्होनश्ट्रासेने. झाडं विरळ, वर मोकळं पठार, रस्ता उंचसखल. टायर जुने म्हणून जोर केला नाही, ऐंशीच्या आसपासच होतो. चौथा, तिसरा, परत चौथा. पहिल्या शंभर किलोमीटरला टाच आणि चवडा (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबायची लकब) जुळत नव्हता, गिअर उतरवताना गाडी झटका द्यायची, वुर्त्सबुर्गपर्यंत पाचातले तीन जमायला लागले. रात्री नऊला घरी पोचलो. लेक जागी होती, नाइटड्रेसवर खाली आली, मागच्या सीटवर चढली आणि म्हणाली, "बाबा, खिडकी छोटीय, पण माझीच आहे ना?" आयसोफिक्समध्ये (चाइल्ड सीट अडकवायच्या हुकांत) तिची सीट नीट बसली, डिकी ३९० लिटरची आहे, पुढे आम्ही तिघं चार दिवस साउथ टिरोलला त्यातूनच जाऊन आलो.

त्यानंतरचा खर्च पण सांगतो कारण जाहिरातीतल्या भावात तो नसतो. चार टायर बसवून १,२४०. पुढे २४५, मागे २६५ रुंदीचे, एकोणीस इंची. पुढच्या डिस्क आणि पॅड ९८०, एका स्वतंत्र गॅरेजमध्ये. इंजिन ऑइल, डिफरन्शिअलचं तेल, ब्रेकचं तेल मिळून ४१५. माझ्या ४० हजारांच्या बजेटच्या वर साधारण १,४०० गेले. बजेटच्या दहा टक्के बाजूला ठेवूनच भाव करा, मी सहा धरले होते. पेट्रोल शंभर किलोमीटरला दहा-साडेदहा लिटर लागतं.

आणि एक, पॉवर वाढवायचा मोह मला अजून झालेला नाही. ट्यूनिंगवाले फोनवर सहज ४३० पर्यंत नेतो म्हणतात. मला हिच्यातली जी गोष्ट आवडते ती खालच्या गिअरमधली आहे, ती पॉवर वाढवून चांगली होणार नाही असं माझं स्पष्ट मत.

३१ ऑक्टोबरला टाकी भरली, टायरमध्ये हवा थोडी जास्त घातली, बॅटरीला चार्जर लावला आणि तळघरात उभी केली. हिवाळाभर दर रविवारी लेक आणि मी खाली जाऊन यायचो, ती मागे बसायची, मी पुढे, दार बंद, गिअर पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, इंजिन बंदच. १ मार्चला सकाळी सातला आम्ही दोघं खाली होतो. बॉनेटवर तिने हात ठेवला आणि म्हणाली, "गार आहे बाबा, लाव."